भूमापन व भौगोलिक माहिती प्रणाली : शहापूर व मुरबाड तालुके

जमिनीची हद्द, क्षेत्र व स्थान मोजमापाने ठरवून ते नकाशात व अभिलेखात नोंदविण्याच्या पद्धतीस भूमापन म्हणतात. भूपृष्ठावरील स्थानाशी निगडित अशी विविध माहिती संगणकात साठवून, तिचे थर एकमेकांवर ठेवून त्यांचा परस्परसंबंध तपासण्याच्या व्यवस्थेस भौगोलिक माहिती प्रणाली ही संज्ञा आहे. महाराष्ट्रातील शेतजमिनीचे पद्धतशीर भूमापन एकोणिसाव्या शतकातील आहे, तर माहिती प्रणालीचा वापर १९८० नंतरचा. दोहोंचा विषय जमीन हाच असला, तरी त्यांचे प्रश्न भिन्न आहेत. हे शेत शेजारच्या शेतापासून कोठे वेगळे होते, हा भूमापनाचा प्रश्न. तर ते पृथ्वीच्या पाठीवर नेमके कोठे आहे, हा माहिती प्रणालीचा. पहिल्या प्रश्नासाठी तयार झालेल्या कागदांतून दुसऱ्याचे उत्तर काढताना ज्या अडचणी येतात, त्या ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत विशेष स्पष्टपणे दिसतात.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. पूर्वेस घाटमाथ्याचा कडा, त्यातून सुटलेले माहुली, सिद्धगड, गोरखगड यांसारखे डोंगर, उत्तरेस थळ व दक्षिणेस माळशेज हे घाट आणि पश्चिमेकडे उतरत जाणारी भातसा व काळू या नद्यांची खोरी, अशी येथील रचना आहे. जमिनीचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : खोलगट भागातील बांधबंदिस्तीची भातखाचरे, त्यांवरील उताराची, नागली व वरी पिकविणारी वरकस जमीन, आणि त्यापलीकडचे जंगल. कुणबी व आगरी शेतकऱ्यांबरोबरच ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली या जमातींची वस्ती येथे मोठी आहे. या जमातींची शेती बव्हंशी दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर व तिसऱ्याच्या कडेला आहे. पुढील सर्व इतिहासात ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

पूर्वपीठिका : मराठी अंमलात जमीन काठीने मोजीत. पाच हात व पाच मुठी लांबीची काठी, वीस काठ्यांचा चौरस म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर, असे कोष्टक होते. सपाट मुलखात ते चाले. कोकणच्या डोंगराळ भागात मात्र क्षेत्र मोजण्याऐवजी नांगरांच्या संख्येवर पट्टी बसविण्याची रीत होती. तिला नांगरबंदी म्हणत. शहापूरचा मुलूख त्या काळी कोळवण या नावाने ओळखला जाई. १८६६ मध्ये ते नाव बदलून तालुक्यास शहापूर हे नाव देण्यात आले. नांगरबंदीत हद्दीस महत्त्व नव्हते. जमीन पडीक टाकून पुढच्या वर्षी दुसरीकडे नागली करणाऱ्या शेतकऱ्यास ती सोयीचीही होती.

इंग्रजी अंमलात पुणे जिल्ह्यात प्रिंगल याने १८२० नंतरच्या दशकात केलेली मोजणी व आकारणी फसली. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात नवी पद्धत बसविली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम निश्चित झाले आणि तीच मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी म्हणून रूढ झाली. ठाणे जिल्ह्यात ती एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या व सातव्या दशकांत लागू करण्यात आली. पुढे १८६५ चा मोजणी कायदा व १८७९ चा जमीन महसूल कायदा यांनी तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले [⟶ सर्वेक्षण].

साखळी, शंकू व टिपण : या मोजणीचे मुख्य साधन म्हणजे ३३ फूट (१०·०६ मी.) लांबीची शंकू साखळी. तिचे १६ भाग पाडलेले असून प्रत्येक भागास आणा म्हणत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फूट), आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. ही योजना करणाराची व्यावहारिक बुद्धी येथे दिसून येते. साखळीस साखळीने गुणले की गुंठे मिळत; आणे व रुपये यांच्या हिशोबात तरबेज असलेल्या कारकुनास क्षेत्रफळाचे गणित निराळे शिकावे लागत नसे.

शेताच्या दोन दूरच्या कोपऱ्यांमधून एक आधाररेषा धरीत. तिच्यावरून साखळी नेत असताना डाव्या व उजव्या बाजूंचा प्रत्येक कोपरा जेथे काटकोनात समोर येई, तेथे थांबून त्या कोपऱ्यापर्यंतचा लंब मोजीत. काटकोन साधण्यासाठी दांड्यावर बसविलेला व परस्परांस लंब अशा चिरा पाडलेला लाकडी ठोकळा वापरीत. त्यालाच शंकू म्हणत. अशा रीतीने शेताचे त्रिकोण व समलंब चौकोन पडत. उदा., आधाररेषेचा ६ साखळ्यांचा भाग व त्यावरील ४ साखळ्यांचा लंब यांनी होणाऱ्या त्रिकोणाचे क्षेत्र १२ गुंठे. ही मापे ज्या कागदावर शेताच्या हातकाढीव आकृतीसह लिहीत, त्यास टिपण म्हणतात. क्षेत्रफळाचा हिशोब गुणाकार बुकात, शेतवार क्षेत्र व आकार आकारबंदात आणि पुढे झालेल्या पोटहिश्श्यांची मोजणी फाळणीत, अशी ही कागदपत्रांची मालिका आहे.

टिपणातील आकृती प्रमाणबद्ध नसते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. तिचे खरे मूल्य तिच्यावरील आकड्यांत आहे. याउलट गावनकाशा प्रमाणबद्ध असतो. तो बहुधा इंचास २० साखळ्या, म्हणजे १ : ७,९२० या प्रमाणावर काढलेला असून त्यात ३३ फुटांची साखळी कागदावर जेमतेम सव्वा मिलिमीटर भरते. त्यामुळे गावनकाशा हा शेतांची परस्परस्थिती दाखविणारा निर्देशक होय. हद्द कायम करण्याचा आधार नव्हे. हद्दीचा वाद उपस्थित झाला की भूकरमापक टिपण पाहतो, नकाशा नव्हे. आजही हीच रीत आहे. संगणकात प्रथम गावनकाशे गेले आणि टिपणे मागाहून. या क्रमामुळे पुढे बराच गोंधळ झाला.

मोजणीचा हेतू सारा बसविण्याचा होता आणि तो हेतू मोजणीच्या बारकाव्यातही उतरला. भातखाचरावर आकार अधिक, म्हणून तेथील मोजणी काळजीपूर्वक झाली. जमिनीचा पोत व पाणी पाहून आणेवारीने प्रत ठरविण्यात आली. वरकस जमिनीवर आकार अल्प असल्याने ती मोठमोठ्या तुकड्यांत, ढोबळमानाने मोजली गेली. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून त्याची केवळ बाहेरची हद्द घेऊन आत मोजणीच केली नाही. जंगल तर महसुली मोजणीच्या कक्षेबाहेरच राहिले. सारांश, ज्या जमिनीपासून सरकारास उत्पन्न अधिक तिची मोजणी चांगली आणि ज्या जमिनीवर गरिबातला गरीब शेतकरी राबे तिची मोजणी ढोबळ, अशी स्थिती झाली. त्या काळच्या मोजणीदारांस याचा दोष देण्याचे कारण नाही. त्यांस नेमून दिलेले काम त्यांनी चोख केले. परंतु त्यांच्या कागदांस पुढे मालकीचा पुरावा म्हणून जे स्थान मिळाले, ते मोजणी करताना कोणाच्या मनात नव्हते.

वरकस व जंगल यांच्या सीमेवरून पहिला मोठा कलह १८७८ च्या वन कायद्यानंतर उद्‌भवला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्यास, म्हणजे राबासाठी, लागणारा पालापाचोळा व फांद्या वरकस जमिनीतून व जवळच्या रानातून आणण्याची वहिवाट होती. राखीव वनांच्या हद्दी आखल्या गेल्यावर ती खुंटली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी झाल्या की, १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. वनांच्या हद्दी स्वतंत्र मोजणीतून, निराळ्या प्रमाणावर व निराळ्या खात्याने काढल्या असल्याने एकाच टेकडीचे दोन नकाशे झाले आणि ते एकमेकांशी ताडून पाहण्याचे साधन कोणाजवळही नव्हते.

त्रिकोणमितीय सर्वेक्षण : याच काळात देशात दुसऱ्या प्रकारची मोजणीही चालू होती. विल्यम लॅम्टन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ आधाररेषा मोजण्यास आरंभ करून जे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, ते १८२३ नंतर जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. डोंगरमाथ्यांवर थिओडोलाइट ठेवून त्रिकोणांची साखळी बांधीत जाण्याच्या या पद्धतीत प्रत्येक स्थानकाचे अक्षांश-रेखांश मिळत. एव्हरेस्टने १८३० मध्ये निश्चित केलेला लंबवर्तुळाभ व मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथील आरंभबिंदू यांवर भारताचे स्थलवर्णनात्मक नकाशे आधारले गेले. शहापूर व मुरबाड हे तालुके या नकाशांच्या ४७ ई या विभागात येतात.

अशा प्रकारे एकाच मुलखाचे दोन कुळांचे नकाशे तयार झाले. सर्वेक्षण खात्याच्या नकाशात उंची, नदीनाले, रस्ते व अक्षांश-रेखांश होते, पण शेत नव्हते. महसुली गावनकाशात प्रत्येक शेत होते, पण उंची नव्हती आणि अक्षांश-रेखांशही नव्हते. गाव म्हणजे जणू समुद्रात सुटलेले बेट. त्याच्या आतील मापे खरी, पण ते बेट कोठे आहे याची नोंद नाही. तत्त्वतः गावाच्या शिवेचा सांधा त्रिकोणमितीय स्थानकांशी जोडता आला असता. साऱ्याच्या कामी त्याचा उपयोग नव्हता व खर्च मात्र मोठा होता, म्हणून तो बहुतेक ठिकाणी जोडला गेला नाही.

दोन्ही कुळांची गाठ पडण्याचे प्रसंग सार्वजनिक बांधकामांनी आणले. लोहमार्ग १८५५ मध्ये वाशिंदपर्यंत, १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत व १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचला. परंतु लोहमार्गाची पट्टी अरुंद असते. याहून अवघड प्रसंग धरणांचा होता. मुंबईच्या पाण्यासाठी शहापूर तालुक्यात बांधलेला तानसा तलाव १८९२ मध्ये पूर्ण झाला. विसाव्या शतकात भातसा व मुरबाडच्या सीमेवरील बारवी ही धरणे झाली. बुडीत क्षेत्राची रेषा ही समान उंचीची रेषा असते व ती समपातळी यंत्राने ठरते. गावनकाशात उंची नसल्याने ती रेषा कोणत्या शेताचा किती भाग कापते हे कागदावरून कळत नाही. जमिनीवर खुंट्या ठोकून, दोन्ही खात्यांचे कर्मचारी व खातेदार यांच्या समक्ष संयुक्त मोजणी करावी लागते. भौगोलिक माहिती प्रणाली दोन थर एकमेकांवर ठेवून जे करते, तेच येथे उन्हातान्हात, खुंटी व साखळी यांनी केले जात होते.

अधिकार अभिलेख व एकत्रीकरण : १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेख सुरू झाला आणि साऱ्यासाठी पाडलेला सर्व्हे नंबर हा हक्काच्या नोंदीचाही घटक बनला. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळे जमिनीची मालक झाली, तेव्हा एका नंबराचे अनेक हिस्से पडले; त्यांतील कित्येकांची सातबारावर नोंद झाली, पण मोजणी झाली नाही. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत योजना राबविण्यात आली, तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. ही योजना पुष्कळदा कागदावरच जुळविली गेली व प्रत्यक्ष वहिवाट जुन्या बांधांवर चालू राहिली. परिणामी नकाशात गट एक, कब्जा दुसरीकडे, अशी प्रकरणे आजही उपस्थित होतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता (१९६६) १९६७ मध्ये अंमलात आली. तीनुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. ती मालकीची हमी नव्हे, हा भेद सामान्य खातेदारास ठाऊक नसतो.

माहिती प्रणालीचा उदय : भौगोलिक माहिती प्रणालीचा उगमही जमिनीच्या प्रश्नातूनच झाला. कॅनडातील शेती, वने व कुरणे यांच्या उपयुक्ततेची देशव्यापी नोंद करण्यासाठी रॉजर टॉमलिन्सन याने १९६० नंतरच्या दशकात कॅनडा सरकारसाठी अशी पहिली प्रणाली उभारली. हजारो नकाशे हाताने एकमेकांवर ठेवून मोजण्याचा खर्च परवडेना, म्हणून संगणक वापरावा लागला. भारतात १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह सोडण्यात आला. त्याच सुमारास नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले. प्रारंभीचे काम पाणलोट, भूमिउपयोग व वनाच्छादन यांचे होते आणि त्यास सर्व्हे नंबराची गरज नव्हती. महसुली अभिलेखांशी सांधा जोडण्यास खरा वेग आला तो २००८ मध्ये केंद्र सरकारने भूमि अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतल्यावर. त्यात गावनकाशांचे अंकीकरण, अभिलेखांचे संगणकीकरण व पुनर्मोजणी यांचा समावेश होता. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

नकाशे जुळविण्याची रीत व तीतील दोष : गावनकाशा संगणकात घेताना प्रथम त्याची प्रतिमा घेतात व शेतांच्या रेषा बिंदूबिंदूने उतरवून बहुभुज तयार करतात. मग नकाशावरील व जमिनीवरील निःसंशय ओळखू येणारे बिंदू निवडतात. तीन गावांच्या शिवा मिळतात तेथील दगड, जुनी विहीर, देऊळ, ओढ्यांचा संगम असे बिंदू यासाठी उपयोगी पडतात. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीने त्यांचे सहनिर्देशक घेऊन सर्व नकाशा त्यांवर बसवितात. निवडलेले बिंदू किती चुकीने बसले यावरून कामाची प्रत ठरते.

या कृतीत कागदाचे सर्व दोष जमिनीवर येतात. दीडशे वर्षांत कागद आकसलेला असतो व तो उभा-आडवा सारख्या प्रमाणात आकसत नाही. प्रत्येक गावाचा नकाशा स्वतंत्रपणे काढलेला असल्याने शेजारच्या गावांच्या शिवा जुळत नाहीत. कोठे दोन्ही गावांच्या मध्ये पट्टी उरते, तर कोठे एकाचे शेत दुसऱ्यावर चढते. शिवाय सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या लंबवर्तुळाभावर व उपग्रहांचे मापन जागतिक लंबवर्तुळाभावर आधारलेले असल्याने, रूपांतर न करता दोन्ही एकत्र ठेवल्यास सारा मुलूख सरकलेला दिसतो. हा शेवटचा दोष गणिताने जातो. पहिले दोन जात नाहीत.

दोषाचे परिमाण लहान नाही. १ : ७,९२० या प्रमाणात कागदावरचा १ मिमी. म्हणजे जमिनीवरचे ७·९२ मी. दहा गुंठ्यांचे चौरस खाचर घेतले, तर त्याची बाजू सु. ३२ मी. भरते. नकाशा एका दिशेने १ मिमी. सरकला, की या खाचराचा जवळजवळ चौथा भाग शेजाऱ्याच्या खाचरावर पडतो. विस्तीर्ण माळाच्या तालुक्यात हे खपून जाईल. मुरबाड–शहापूरच्या भातपट्ट्यात, जेथे पाच-दहा गुंठ्यांचे हिस्से सर्रास आढळतात, तेथे खपत नाही. संगणकाच्या पडद्यावर उपग्रहचित्रावर काढलेली शेताची रेषा पाहून आपल्या बांधावर अतिक्रमण झाले, अशी समजूत करून घेणारे खातेदार अनेक असतात. ती रेषा मोजणीची नसून नकाशा बसविण्याच्या कृतीची असते.

उताराचा प्रश्न निराळा आहे. साखळी आडवी व ताणून धरली, तरच खरे क्षेत्र मिळते. डोंगरउतारावर प्रत्येक वेळी ती हवेत समपातळीत धरणे व ओळंब्याने टोक जमिनीवर उतरविणे हे कष्टाचे काम असल्याने ढोबळ मोजणीत ती पुष्कळदा जमिनीलगत टाकली जाई. वीस अंशांच्या उतारावर ३३ फुटांची साखळी आडव्या मापाने ३१ फूटच भरते, म्हणजे लांबीत शेकडा सहाचा फरक पडतो. उपग्रहाधारित मापन नेहमी आडवेच क्षेत्र देते. त्यामुळे वरकस जमिनीची आधुनिक मोजणी झाली की क्षेत्र घटल्याचा भास होतो. वस्तुतः जमीन तेवढीच असते. पूर्वी लिहिलेला आकडा फुगलेला असतो. मात्र नुकसानभरपाई आकड्यावर मिळते, भासावर नव्हे. म्हणून खातेदाराची तक्रार निरर्थक ठरवून चालत नाही. शहापूर तालुक्यातून जाणाऱ्या मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गासारख्या प्रकल्पांत अशा फरकांस रोकड किंमत येते. या ७०१ किमी. लांबीच्या महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला.

वन व महसूल यांचा सांधा : खाजगी वनांचा प्रश्न नकाशाच्या अभावातून किती मोठा कलह निर्माण होतो, याचे उदाहरण आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली ज्या जमिनींच्या मालकांस नोटिसा काढण्यात आल्या होत्या, त्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये ३० ऑगस्ट १९७५ पासून शासनाकडे निहित झाल्याचे मानले गेले. नोटीस सर्व्हे नंबराच्या नावे निघे. परंतु एका नंबरात वरचा भाग रान, खालचा वरकस व तळाशी खाचर अशी स्थिती या तालुक्यांत नेहमीची आहे, आणि नंबराच्या आत रेषा आखणारा नकाशा उपलब्ध नव्हता. अनेक वर्षांनी सातबारावर खाजगी वनाच्या नोंदी झाल्या, तेव्हा दरम्यान जमीन विकत घेतलेले, कसत असलेले व घरे बांधलेले लोक त्यांत सापडले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोदरेज आणि बॉइस प्रकरणी केवळ नोटीस काढल्याने जमीन खाजगी वन ठरत नाही, असा निर्णय दिला.

वन हक्क कायदा (२००६) यात नकाशाचे महत्त्व याहून अधिक, पण वेगळ्या रीतीने आले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबास प्रत्यक्ष कसवणुकीएवढ्या, कमाल चार हेक्टर क्षेत्राचा हक्क या कायद्याने मान्य केला. दाव्याच्या पडताळणीसाठी हातात धरण्याजोगी स्थाननिश्चिती यंत्रे व २००५ च्या सुमाराची उपग्रहचित्रे वापरण्यात येऊ लागली. हाती धरावयाच्या साध्या यंत्रात काही मीटरांची चूक अपेक्षितच असते; झाडीखाली व कड्याच्या आडोशास ती वाढते, कारण तेथे उपग्रहांचा थोडाच भाग दिसतो व संकेत कातळावरून परावर्तित होऊन येतात. चित्राची मर्यादा याहून मोठी. त्या काळच्या ५·८ मी. विभेदनाच्या चित्रात दहा गुंठ्यांचा नागलीचा तुकडा बाजूस पाच-सहा ठिपक्यांएवढाच उमटतो. नागली व वरी ही पावसाळ्यातील पिके. त्या महिन्यांत सह्याद्रीच्या पायथ्यावर ढगांचे आच्छादन असते व चित्र मिळत नाही. उन्हाळ्यातील स्वच्छ चित्रात कापणी झालेला उतार गवताळ रानासारखा दिसतो. त्यातच वरकस आळीपाळीने पडीक ठेवण्याची रीत असल्याने, एका वर्षीच्या चित्रात शेत दिसले नाही म्हणून ते नव्हतेच, असा निष्कर्ष काढणे शास्त्रास धरून नाही. २०१२ मध्ये वन हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीने उपग्रहचित्रे इतर पुराव्यास पूरक मानावीत, त्यांची जागा घेणारी मानू नयेत, असे स्पष्ट केले. बांध, ताली, विहिरी, स्मशाने यांसारख्या जागेवरील खुणा आणि वडीलधाऱ्यांची निवेदने हीदेखील पुरावा म्हणून ग्राह्य आहेत. भूमापनाच्या दृष्टीने ही तरतूद मुळीच अपूर्व नाही. एकोणिसाव्या शतकातील मोजणीदारही शीव ठरविताना गावच्या वृद्धांस बरोबर घेत असे.

गावठाण व पाडे : मूळ मोजणीत वगळलेल्या गावठाणांची मोजणी महाराष्ट्रात ड्रोनच्या साहाय्याने पुणे जिल्ह्यातील सोनोरी येथे प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली. केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना जाहीर केल्यावर ती देशभर पसरली. भारतीय सर्वेक्षण विभाग ड्रोनने छायाचित्रे घेतो, त्यांपासून १ : ५०० प्रमाणाचा नकाशा होतो आणि भूमि अभिलेख खाते चौकशी करून मिळकत पत्रिका देते. या प्रमाणात १ मिमी. म्हणजे अर्धा मीटर. घराची भिंत व गल्ली वेगळी दिसण्यास ते पुरेसे आहे. परंतु शहापूर व मुरबाडमधील पुष्कळ वस्ती गावठाणात नाहीच. ठाकूर व कातकरी यांचे पाडे व वाड्या गावठाणाबाहेर, कोठे खाजगी मालकाच्या सर्व्हे नंबरात तर कोठे वनहद्दीत आहेत. ड्रोनच्या चित्रात ती घरे उमटतात; मिळकत पत्रिका मात्र गावठाणाच्या हद्दीपुरती निघते. गावठाण जाहीर वा विस्तारित केल्याखेरीज केवळ चित्राने घराखालच्या जागेचा हक्क निर्माण होत नाही. अनेक कातकरी वाड्यांच्या बाबतीत तर त्यांच्या जमिनीचा सातबारा अन्य व्यक्तीच्या नावे असतो व तो क्रमांक संगणकातील थरात रिकामे शेत म्हणून दाखविला जातो.

सद्यःस्थितीतील मोजणी : खातेदार तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे अर्ज करतो, भूकरमापक जागेवर जाऊन वहिवाटीची मोजणी करतो आणि मूळ टिपणाच्या आधारे हद्द कायम करून देतो. तिच्याविरुद्ध तक्रार झाल्यास वरिष्ठांमार्फत निमताना मोजणी होते. साधने मात्र पालटली आहेत. फलकाची जागा प्रथम इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनने व अलीकडे रोव्हरने घेतली. सर्वेक्षण विभागाने राज्यात उभारलेल्या, सतत कार्यरत असणाऱ्या संदर्भस्थानकांच्या जाळ्यामुळे रोव्हर मोकळ्या रानात काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने बिंदूचे सहनिर्देशक देतो. त्यामुळे दीडशे वर्षांत प्रथमच शेताच्या कोपऱ्यास पृथ्वीवरील स्थान मिळू लागले असून एका शेताची मोजणी पुढच्या शेताच्या मोजणीस उपयोगी पडते.

तथापि रोव्हरने मिळते ते आज जेथे बांध आहे त्याचे स्थान. तो बांध मूळ हद्दीवर आहे काय, हे रोव्हर सांगू शकत नाही. त्यासाठी भूकरमापकास जुने टिपण साखळी-आण्यांतून मीटरमध्ये आणून मोजलेल्या बिंदूंवर बसवावे लागते, आणि शेजारच्या तीन-चार नंबरांची टिपणेही त्यासोबत जुळवावी लागतात. भातखाचरांत ही जुळणी सहसा समाधानकारक होते. मूळ मोजणीच्या चोखपणाची साक्ष त्यातून मिळते. वरकस उतारावर जुने दगड गेलेले, आधाररेषा दोन टेकड्यांवरून नेलेली व पोटहिस्से कधीच न मोजलेले, अशी अवस्था असल्याने तेथे जुळणीपेक्षा निवाड्याचे काम अधिक असते. दाट झाडीत किंवा सिद्धगडसारख्या कड्याच्या लगत रोव्हरला पुरेसे उपग्रह मिळत नाहीत. अशा जागी भूकरमापक उघड्यावर दोन बिंदू घेऊन तेथून टोटल स्टेशनने आत उतरतात, आणि दृष्टिरेषा जेथे अडते तेथे आधाररेषेवरून लंब टाकून कोपरा फितीने मोजतात.